दुसऱ्यांचे दात

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
पोपटाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण लिहायला लाज वाटत होती. आता लाज संपली आणि राग उरला, म्हणून लिहायला बसलो.

बियाण्यांच्या दुकानातली नोकरी सोडून मी चर्चच्या मंडळीच्या वृद्धाश्रमात सेवेला आलो, तेव्हा कमिटीपुढे उभं राहून सांगितलं होतं की प्रभू देईल ते काम करीन. कमिटीतल्या दोघांनी रुमाल काढले होते. इथली उपदेशकाची जागा रिकामी, अर्धं शास्त्र तोंडपाठ असलेला माणूस दारात उभा. पुढचं सांगायला ज्योतिषी लागू नये. पण मोठ्या सिस्टर, म्हणजे इथल्या सर्वेसर्वा, त्यांनी मला हात पुढे करायला लावले, उलटेसुलटे पाहिले, नखं तपासली आणि कवळ्यांचं काम दिलं.

नीट वाच ताई, कवळ्या. रात्रीची जेवणं झाली की ट्रे घेऊन खाटेखाटेपाशी जायचं. म्हातारे तोंडातून दात काढून ज्याच्या त्याच्या नावाच्या डबीत टाकतात. मग मोरीपाशी बसून ते ब्रशने घासायचे, डबीतलं पाणी बदलायचं आणि सकाळी वाटायचे. एका वेळी एकच डबी उघडायची, ती बंद केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, असा सिस्टरचा कडक नियम. जणू आत हिरे आहेत. म्हातारा ड्रायव्हर कवळी देताना रोज सांगतो की गाडी गॅरेजला लावलीय, पॉलिश चांगलं झालं पाहिजे. सगळा वॉर्ड हसतो. मी कुणासमोर उभा राहून काय काय बोलायचं ठरवलं होतं, आणि कुणाच्या दातांतला भात काढतोय.

आपली आत्या इथंच राहते, बरी आहे. तिच्या खोलीत एक आंधळी शिंपीणबाई आहे, अंथरुणाला खिळलेली. सिस्टरनी आत्याला तिला रोज एक स्तोत्र वाचून दाखवायचं काम दिलंय. ऐकणारी एक, वाचणारी एक. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढल्यामुळे आत्या एकीसाठीही असं वाचते की सगळ्या गावाला जोडून द्यायचंय.

तुझा शब्द कमिटीत चालतो. उपदेशकाच्या जागेसाठी दोन ओळी टाकशील तर बरं होईल. तुझी माया आहे म्हणूनच हे मागायची हिंमत केली.

तुझा,
पोपट

—

ता. ११ फेब्रुवारी

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त हसायला.

तू प्रभूला म्हणालास, देशील ते करीन. त्यानं दिलं. आता तू अपील घेऊन माझ्याकडे आलास. त्याच्या वरचं कोर्ट मी आहे, असं तुला कुणी सांगितलं?

मी सभा घेत गावोगाव हिंडते, तेव्हा तुझ्यासारखी माणसं मला नवी नाहीत. खुर्च्या मांडायला बोलावलं की सगळ्यांच्या कमरा धरतात. मांडलेल्या खुर्च्यांपुढे बोलायला बोलावलं की पांगळे उठून चालायला लागतात. प्रत्येकाला सेवा हवी आहे, पण माईक असलेली. नम्रता हवी आहे, पण लोकांना दिसेल अशा उंचीवर. ज्याचं नाव आपण घेतो त्यानं कमरेला रुमाल गुंडाळून कोळ्यांचे पाय धुतले, आणि ते पाय रस्त्यावरून आले होते. तुला तर दात तोंडातून काढून हातात आणून देतात. यापेक्षा सोयीची सेवा मला ठाऊक नाही.

ऐकणारी एक, असं तू आत्याबद्दल लिहिलंस. किती डोकी जमली की सेवा सुरू होते, तो आकडा एकदा कळव, म्हणजे मीही आपली पडताळून पाहीन. त्या शिंपीणबाईला दिसत नाही. तिच्यासाठी आत्या म्हणजे आत्याचा आवाज. हे तुझ्या लक्षात आलं नसेल, कारण तू स्वतःचा ऐकत होतास.

शिफारस करणार नाही. लहानपणी वचनं घडाघडा म्हणायचास म्हणून आत्यानं तुला पोपट म्हटलं, ती तारीफ होती असं तू आजवर समजत आलास. कवळ्या घास. घासताना मनातल्या मनात प्रवचन रचू नकोस. दात घासत असलास की दातच घास.

बोलणी पचव आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

—

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नाही म्हणालीस, पण वरून हो आलं. दर रविवारी बाहेरून येणाऱ्या पाळकसाहेबांचा घसा बसलाय आणि उद्याचं प्रवचन माझ्याकडे आलं. कमिटीचे सेक्रेटरी स्वतः ऐकायला येणार आहेत. विषय मी तुझ्याच पत्रातून उचलला: लहान कामातला विश्वासूपणा. खुर्च्यांचं ते वाक्यही घेतलंय, हक्क सांगू नकोस.

पाठांतराला वेळ हवा होता, म्हणून आज एक युक्ती काढली. एकेक डबी उघडत बसलो असतो तर झोपेपर्यंत मोरीतच असतो. सगळ्या कवळ्या एका बादलीत सोड्याच्या पाण्यात सोडल्या, काठीनं ढवळल्या, आणि त्या आपल्या आपण स्वच्छ होतायत तोवर हे लिहितोय. नंतर लहानमोठी पाहून डब्यांत भरीन. कवळी ती कवळी. माणसांचे जबडे काय वेगवेगळ्या साच्यातून निघालेले असतात? आजवर हे कुणाला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं. सिस्टरना प्रवचनानंतर सांगेन.

शिंपीणबाईला कालपासून ताप आहे, त्यामुळे आत्या तिच्याजवळच बसून असते. मी तिला उद्या पुढच्या रांगेत बसायला सांगितलंय.

प्रार्थनेत आठवण ठेव. थट्टा केलीस तरी चालेल, पण आठवण ठेव.

पोपट

—

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सेक्रेटरींच्या घरून लिहितोय. प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला गाडीत घालून जेवायला आणलं आणि आज ठेवूनच घेतलं. काय घडलं ते ऐक.

सकाळी डब्या वाटायला मदतनीस बाईंकडे दिल्या आणि मी थेट प्रार्थनेच्या हॉलमध्ये गेलो. म्हातारी मंडळी एकेक करून येऊन बसली. इतर रविवारी काय गलका असतो. आज शब्द नाही. गाणं सुरू झालं तर कुणाच्या तोंडून स्वर फुटेना. फक्त पेटी वाजत होती. मी बोलायला उभा राहिलो आणि ताई, अशी शांतता मी जन्मात अनुभवली नाही. कुणी खोकलं नाही, कुणी शेजारच्याशी कुजबुजलं नाही. ड्रायव्हरला पाळकांच्या बोलण्यातही शेरे मारायची खोड. तो तोंडावर हात धरून बसून होता. निवृत्त मुख्याध्यापिका मान खाली घालून बसल्या होत्या आणि त्यांची हनुवटी थरथरत होती. मी म्हणालो की नेमून दिलेलं लहान काम हीच खरी वेदी, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. शेवटी मी आमेन म्हणालो, तर एकही आमेन उलटून आलं नाही. शब्दच उरले नव्हते त्यांच्याकडे.

सेक्रेटरी म्हणाले, एवढी आत्मिक शांतता त्यांनी या हॉलमध्ये कधी पाहिली नाही. निघताना ऐकलं की बऱ्याच जणांनी जेवणाची ताटंही परत पाठवली. मी उपास सांगितला नव्हता.

एकच रुखरुख. आत्या आली नाही. शिंपीणबाईपाशीच बसली असेल. पण व्हरांड्यात लाऊडस्पीकर आहे, तिला खोलीत ऐकू गेलंच असणार.

आता तरी भावाला भाऊ म्हण.

पोपट

—

ता. २७ फेब्रुवारी

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकदम आली. शेवटचं आधी फोडलं आणि दुसरं फोडायला सवड झाली नाही. ते बॅगेत आहे.

हरले बाबा. गात्या माणसांना गप्प करणं मलाही आजवर जमलेलं नाही. कमिटीला कालच शिफारस लिहून टाकली. त्यात सेक्रेटरींचे आत्मिक शांततेचे शब्दच वापरले. इथल्या बायकांच्या सभेत तुझं उदाहरण दिलं. कवळ्या घासणारा भाऊ, म्हातारी माणसं उपाशी राहून रडली, वगैरे. बायका हेलावल्या. मी जरा जास्तच चांगलं बोलले.

आता डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. आणि मी कडक बोलले ते मनात ठेवू नकोस; ठेवायचीच असेल तर माया ठेव.

तुझी,
ताई

—

ता. ४ मार्च

चि. ताईस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं शिफारसपत्र कमिटीनं इथं पाठवलं आणि मोठ्या सिस्टरनी ते मला वाचून दाखवलं. भाषा छान आहे. लहानपणापासून छान होती. त्यातली ती आत्मिक शांतता कसली होती ते सांगते, म्हणजे पुढच्या सभेत उपयोगी पडेल.

पोपटानं शनिवारी सगळ्यांच्या कवळ्या एका बादलीत घातल्या आणि हाताला लागतील तशा डब्यांत भरल्या. रविवारी सकाळी ड्रायव्हरच्या तोंडात मुख्याध्यापिकांचे दात. तो म्हणाला असता की ट्रकला सायकलचं चाक लावलंय, पण त्याला तेही म्हणता येईना. मुख्याध्यापिकांना कुणाची आली देव जाणे, हिरडी सोलून निघाली. हनुवटी थरथरत होती असं तू लिहिलंयस, ती त्या दुखण्यानं. मदतनीस बाई रडकुंडीला आली. तेवढ्यात घंटा झाली, सेक्रेटरींची गाडी आली, आणि सगळे कवळ्या खिशात टाकून तोंड मिटून हॉलमध्ये जाऊन बसले. खिशात दुसऱ्याचे दात घेऊन त्यांनी विश्वासूपणावर प्रवचन ऐकलं. जेवण परत गेलं, कारण ते चावायचं होतं.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. हसले असते, हिरड्यांनी.

माझ्या डबीत आलेली कवळी माझ्या तोंडात शिरेना. शिंपीणबाईचा ताप चढला होता. तिनं स्तोत्र वाच म्हटलं. मी तशीच वाचायला लागले. जन्मभर मी आवाजावर पोट भरलं ताई, लोक माझं हॅलो ऐकून ओळखायचे. दात नसले की काय उरतं ते तुला ठाऊक नाही. फसफस. स नाही, त नाही, द नाही. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि फार सभ्यपणे विचारलं की आपण कोण. मी सांगितलं, मी. तिला कळेना. मी तिचा हात धरला, तर तापात तिला तोही परका वाटला. तिनं ओढून घेतला. मग ती मलाच विनवायला लागली की माझ्या मैत्रिणीला बोलवा, ती शेजारच्याच खाटेवर असते, ती आली की वाचेल. मी म्हणत होते की मीच ती. माझं ‘मीच ती’ तिच्यापर्यंत पोचेना. ती दाराकडे तोंड करून माझी वाट बघत होती आणि मी तिच्या उशाशी बसले होते.

प्रवचन संपायच्या आत ती गेली. व्हरांड्यातल्या लाऊडस्पीकरमधून पोपटाचा शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. त्याचे सगळे दात शाबूत आहेत.

सिस्टर म्हणतात ती तशीही जाणारच होती. मी ते विचारलं नव्हतं.

सोमवारी तो सेक्रेटरींच्या घरून आला, खुशीत. पहिलं विचारलं ते हे, की प्रवचन ऐकू आलं का. मी तोंड उघडून दाखवलं. मग शिंपीणबाईच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. तेव्हापासून तो बोललेला नाही, ही एक चांगली गोष्ट झाली. त्या दिवशी सिस्टर त्याला घेऊन तोंडातोंडाशी ताडून बघत हिंडल्या आणि सगळ्यांना आपापली परत मिळाली. मलाही. पण आता वाचून कुणाला दाखवू?

कमिटी त्याला उपदेशक नेमते आहे, तुझ्या शब्दाखातर. तुझ्या शब्दाला वजन आहे असं सगळे म्हणतात. ते कुणाच्या अंगावर पडलं तेवढं बघून घे.

माया करते, म्हणून एवढं लिहिलं.

आत्या

—

ता. ८ मार्च

पोपट,

आत्याचं पत्र आलं, आशीर्वाद त्यात होते. माझ्याकडे आज शिल्लक नाहीत.

बॅगेतलं तुझं पत्र काल फोडलं. बादलीचं. तू त्यात अगदी सरळ सगळं लिहिलं होतंस, आणि मला ते वाचायला सवड नव्हती, कारण मी तुझं कौतुक लिहिण्यात गुंतले होते. आपल्या घराण्याची ही खासियत दिसते. तू समोर बसलेली तोंडं पाहिलीस आणि मी तुझं पत्र पाहिलं, आणि दोघांपैकी एकालाही शंका आली नाही की म्हातारी माणसं गात का नाहीत. साध्या स्वयंपाकिणीनं पहिला प्रश्न तोच विचारला असता. आपल्याला वाटलं, आपला प्रभाव पडला.

शंभर माणसं मुकी बसली तर तुला विजय वाटला. एका बाईला एक आवाज ऐकायचा होता, तो तू घासून पुसून दुसऱ्याच्या डबीत ठेवून दिलास. आणि त्याच वेळी माझी वाक्यं लाऊडस्पीकरवर घालत होतास. माझी वाक्यं, पोपट. ती ऐकत ती बाई गेली.

शिफारस मागे घेतल्याचं कमिटीला कळवलंय आणि बायकांच्या सभेत खरी गोष्ट सांगणार आहे; या वेळी चांगलं बोलायचा प्रयत्न करणार नाही. पण माझ्या पत्राच्या आड लपू नकोस. जागा नको म्हणून तू स्वतः जाऊन सांग. आणि मेहेरबानी करून पश्चात्तापावर प्रवचन देऊ नकोस. रडायचं असेल तर मोरीत रड, तिथं पाणी असतंच. मग सिस्टरकडून ट्रे परत माग.

तुझी, तोडता येत नाही म्हणून,
ताई

—

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. जसं व्हायला हवं होतं तसं झालं नाही.

कमिटीपुढे जाऊन जागा नाकारली. बादलीचं सगळं सांगितलं. सेक्रेटरींना माझा नकार फार आवडला. म्हणाले, अशी नम्रता आजकाल बघायला मिळत नाही, आणि पुढच्या रविवारी याच विषयावर बोला. मी म्हणालो की एक बाई गेली. ते म्हणाले, तेही सांगा, लोकांना भिडेल. मी उठून आलो. व्यासपीठ ताई, नाही म्हटलं तरी मागं लागतं.

मग सिस्टरकडे ट्रे मागितला. त्या म्हणाल्या, तो द्यायचा अधिकार त्यांचा नाही. ज्यांचे दात आहेत त्यांना विचार. जेवणानंतर खाटेखाटेपाशी गेलो. ड्रायव्हरनं तोंड घट्ट मिटलं आणि मानेनंच पुढे जायला सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्या स्वतः घासून घेतील. त्यांचे हात संधिवातानं मुठीसारखे मिटलेले आहेत, तरी घासून घेतील. एकानं तर मला पाहून पांघरूण डोक्यावर ओढलं. ज्या लोकांनी माझं प्रवचन शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ते मला दात द्यायला तयार नाहीत. रोज विचारतो, रोज रिकामा ट्रे घेऊन परत येतो. मधल्या वेळात व्हरांडा पुसतो. तो मात्र काही बोलत नाही.

आत्याच्या खोलीत जायचं टाळत होतो. आज गेलो. शेजारच्या खाटेवर अजून कुणी आलेलं नाही. आत्या त्या खाटेकडे पाठ करून बसली होती. ट्रे पुढे धरून नुसता उभा राहिलो. तिनं मला बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाली की कवळीची वाट बघून ड्यूटीवरची मदतनीस बाई कंटाळून निघून गेली, दुसरं कुणी दिसत नाही, म्हणून तुला देते. कवळी काढली, डबीत टाकली, झाकण स्वतः लावलं आणि ट्रेवर ठेवली.

मी निघालो तर ती मागून काहीतरी म्हणाली. कळलं नाही. पुन्हा म्हणायला सांगितलं, पुन्हा कळलं नाही. ती चिडली. मी ट्रे खाली ठेवला, खाटेशी गुडघे टेकले आणि कान तिच्या तोंडापाशी नेला, अगदी ओठाला लागेल इतका. तेव्हा कळलं. ती सांगत होती की पाणी कोमट घे.

पाणी ठेवलंय, कोमट झालं असेल, म्हणून इथंच थांबतो. लोभ राहू दे.

पोपट